जर्मनीत आल्यावर: व्हिसा, कार्ड आणि सोबतचा हिरवा कागद

पासपोर्टवर व्हिसा चिकटून आला की घरी पेढे वाटले जातात, आणि वाटावेतच. पण तो व्हिसा म्हणजे जर्मनीत शिरण्याची आणि सुरुवातीचे काही महिने राहण्याची सोय आहे. खरा राहण्याचा परवाना इथे आल्यावर, आपल्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयातून, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डमधून काढायचा असतो. म्हणून उतरल्या दिवशी व्हिसावरची शेवटची तारीख बघा आणि ती डोळ्यासमोर राहील अशी कुठेतरी लिहून ठेवा. कुणाला सहा महिने मिळतात, कुणाला वर्ष. व्हिसावर नोकरीची परवानगी छापलेली असेल, तर परवान्याच्या कार्डाची वाट न बघता कामावर रुजू होता येतं.

त्याआधी आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत ती करायची. त्यासाठी घरमालकाची सही असलेला, तुम्ही तिथे राहायला आलात असं सांगणारा कागद लागतो. 'भाडं द्या, पण नोंदणी करू नका' असं सांगणारं घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. नोंदणीशिवाय कंपनीला करासाठी लागणारा ११ आकडी क्रमांक घरी येत नाही, परवान्याचं कामही पुढे सरकत नाही.

आणि टपालपेटीवर नाव लावा, त्याच दिवशी. इथे फ्लॅट क्रमांकावर नव्हे, आडनावावर पत्र टाकतात. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं आणि पासपोर्टात ते पहिल्या नावाला जोडून येतं. जर्मन कार्यालय ती दोन्ही तुमचीच नावं धरतं. त्याने बिघडत नाही, फक्त करारनामा, नोंदणी, बँक, विमा सगळीकडे पासपोर्टातलंच स्पेलिंग ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या शहरांत टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, कित्येक आठवडे मिळत नाही. माझी व्हिसाची मुदत नोव्हेंबरात संपत होती आणि टर्मिन मिळाली जानेवारीची. 'टर्मिन तर आहे ना' म्हणून मी स्वस्थ बसलो. मुदत संपली त्या दिवशी कंपनीने परवान्याची प्रत मागितली, माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि नऊ दिवस मला कामावर बसू दिलं नाही. ते नऊ दिवस मी भाड्याच्या खोलीत अक्षरशः जीव मुठीत धरून काढले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे नीट सांगतो.

कायद्याने बघितलं जातं ते परवान्याचा अर्ज मुदतीआधी पोहोचला का हे; भेट नंतरची असली तरी चालते. मुदतीआधी अर्ज केलेला असेल, तर निर्णय येईपर्यंत जुना व्हिसा किंवा परवाना, कामाच्या हक्कासकट, चालू धरला जातो. याचा पुरावा म्हणून फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा कागद मिळतो, तो स्वतः मागून घ्या. त्यावर निवास कायद्याच्या कलम ८१ च्या ४ थ्या उपकलमासमोर खूण आहे ना, हे तिथेच तपासा. ती खूण असेल तर गावी जाऊन परत येता येतं. खूण ३ ऱ्या उपकलमासमोर असेल, तर तिकीट काढू नका. अर्ज ऑनलाइन केला तर पोच जपून ठेवा, कागदावर केला तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा.

कार्ड हातात आलं की सोबत कधीकधी एक हिरवा घडीचा कागदही येतो. लोक कार्ड पाकिटात ठेवतात आणि हा कागद फायलीत हरवतात. तुम्ही कुठे, कोणतं काम करू शकता याच्या अटी त्याच्यावर असतात, अनेकदा कंपनीच्या नावासकट. एकेक शब्द जर्मन येणाऱ्या माणसाकडून समजून घ्या.

पगार बसत असेल तर ब्लू कार्डच, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांसाठीचा राहण्याचा परवानाच मागा. २०२५ साली त्यासाठी किमान पगाराची मर्यादा वर्षाला ४८,३०० युरो होती. आयटी, इंजिनिअरिंग, डॉक्टरकी अशा टंचाईच्या पेशांना आणि नुकत्याच पदवी घेतलेल्यांना ४३,७५९.८० युरो. हा आकडा दर जानेवारीत बदलतो. ब्लू कार्डवाल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला व्हिसासाठी जर्मन परीक्षेची अट नसते. कायमचा परवाना २७ महिन्यांनी मागता येतो, बी१, म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांनीच. संध्याकाळचा भाषेचा वर्ग पहिल्याच वर्षी लावा असं मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलायची असेल, तर ब्लू कार्ड असलं तरी कार्यालयाला कळवावं लागतं. इतर परवान्यांवर आधी लेखी परवानगी, मगच राजीनामा. नोकरी गेली तर ती लपवू नका. कळल्यापासून दोन आठवड्यांत कार्यालयाला सांगणं बंधनकारक आहे. लगेच सामान बांधावं लागत नाही, नवी नोकरी शोधायला मुदत मिळू शकते. गप्प बसलेल्या माणसाची बाजू मात्र कमजोर होते.

घरच्या आजारपणासाठी लांब मुक्काम करावा लागला, तर हेही ध्यानात असू द्या: सहा महिन्यांहून जास्त जर्मनीबाहेर राहिलं की साधा परवाना आपोआप संपतो. ब्लू कार्डला ही मुदत १२ महिन्यांची आहे. जास्त राहावं लागणार असेल तर निघण्याआधी कार्यालयाकडून मुदत वाढवून घ्या.

आणि पासपोर्ट. कार्डाची मुदत पासपोर्टाच्या मुदतीपुढे जात नाही. पासपोर्टाचं शेवटचं वर्ष चालू असेल, तर आधी बर्लिनचा दूतावास किंवा फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्गच्या आपल्या वाणिज्य दूतावासातून नवा करून घ्या, मग कार्डाला अर्ज करा. नाहीतर १०० युरो भरून काढलेलं कार्ड काही महिन्यांतच पुन्हा काढायला रांगेत उभं राहावं लागेल.