तार पंचमाच्या पुढे: गावात राहून कोलोरातुरा सोप्रानोचा गळा घडवताना

काळी चारचा सा धरून गाणाऱ्या मुलीचा तार पंचम पाश्चात्त्य मोजणीत पाचव्या सप्तकातला डी शार्प येतो. तिथे सहज पोचणारा गळा आपल्याकडे तयार समजतात. कोलोरातुरा सोप्रानो म्हणजे ऑपेरात खूप उंच स्वरांत वेगवान ताना घेणारा स्त्रीचा आवाज. तिचं काम तिथून पुढे सुरू होतं. मोझार्टच्या 'दी झाउबरफ्लोटे' (१७९१) या ऑपेरात 'रात्रीची राणी' या पात्राला सहाव्या सप्तकातला एफ लावावा लागतो, म्हणजे आपल्या पंचमाच्या वर आणखी एक सप्तक आणि दोन अर्धस्वर. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर ट्रान्सपोज शून्यावर ठेवा आणि उजवीकडून पाचवी पांढरी पट्टी दाबा. हाच तो स्वर, आणि तो माइकशिवाय, वाद्यवृंदाच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवा.

तानेचा रियाज झालेल्या मुलीला वेग आणि सुराचा कान आधीच मिळालेला असतो. अडचण उंचीची. खंजिरी भजनात किंवा झाडीपट्टीच्या नाटकात छातीचा भरीव आवाज वर ओढून गायची सवय लागते. तोच आवाज पाचव्या सप्तकातल्या ई-एफच्या पुढे रेटला की मान ताठ होते, सूर उतरतो आणि शेवटी आवाज फाटतो. म्हणून वरचा हलका आवाज वेगळा घडवायचा आणि तो खाली आणत छातीच्या आवाजाला जोडायचा. खालून वर चढत जाऊन हे साधत नाही.

रियाज रोज दोनदा, २०-२५ मिनिटांचा. सुरुवात नळीने करा. पेल्यात पाणी घ्या, सरबताची साधी नळी दोन-तीन सेंटिमीटर बुडवा आणि बुडबुडे काढत सूर खालीवर फिरवा, पाच मिनिटं. बुडबुडे एकसारखे हवेत. उसळले तर हवा जास्त जाते आहे, थांबले तर गळा आवळला आहे. नंतर 'ऊ'वर पाच स्वर वरून खाली उतरा. पहिल्या दिवशी पाचव्या सप्तकातल्या सीपासून, मग रोज जमेल तसा एकेक अर्धस्वर वर.

श्वासासाठी चार मात्रांत हवा घ्या आणि 'स्स्स' करत वीस मात्रा सोडा. या वेळात बरगड्या मिटता कामा नयेत. वर जाताना हवेचा दाब वाढवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. उंच स्वराला हवा कमी लागते, आधार जास्त.

मग वेग. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्यात चार स्वर, नऊ स्वरांचा आरोह-अवरोह. हनुवटीला एक बोट टेकवून गा. दर स्वराला बोट हललं तर तान जबड्यातून निघते आहे. सलग तीन वेळा प्रत्येक स्वर स्वच्छ आला तरच ठोके चारने वाढवा. स्वर घसरू लागले की चारने मागे या. स्टकाटो, म्हणजे तुटक स्वर, शेवटी आणि दोन-तीन मिनिटंच.

वर शब्द कळेनासे होतात, त्याने घाबरू नका. 'ई'चा स्वतःचा मुख्य नाद साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि सहाव्या सप्तकातला सी १०४७ हर्ट्झचा. तिथे 'ई' टिकूच शकत नाही. जबडा मोकळा सोडून तोंड 'आ'कडे उघडावंच लागतं.

आपल्या विदर्भातलं हवामान यात मोठा वाटा घेतं. सोयाबीनची सोंगणी झाली की हडंब्याची (मळणीयंत्राची) धूळ, मग कापूस वेचणीतली तूस. त्या दिवसांत कामाला जाताना तोंडाला ओला रुमाल बांधा, घरी आल्यावर वाफ घ्या आणि रियाज दुसऱ्या सकाळी करा. उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे गेला की पहाटेच गा. कूलरच्या थेट झोतात झोपू नका. जागलीवर रानडुकरं नि रोही हाकलायला ओरडू नका, डबा वाजवा. रात्री उशिरा तिखट रस्सा खाल्ला की आम्ल वर येऊन सकाळी आवाज जड होतो. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. खर्रा पूर्ण बंद. पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस स्वरतंतूंना सूज असू शकते, तेव्हा उंच स्वर टाळा आणि अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, तंतूंत रक्तस्रावाचा धोका वाढतो. गाता गाता आवाज एकदम गेला तर पूर्ण मौन धरा, कुजबुजही नको, आणि दुर्बिणीने स्वरतंतू पाहणारा कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.

भातखंडे लिपी येत असली तरी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहिण्याची पाश्चात्त्य पद्धत, शिकावंच लागेल. नागपूर-अमरावतीच्या चर्चच्या गायनवृंदात ते वाचणारं कुणी मिळतं का ते पाहा. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या पाश्चात्त्य संगीताच्या श्रेणी परीक्षा द्या. एबीआरएसएमच्या सहावीपासूनच्या प्रात्यक्षिकाला आधी पाचवी थिअरी किंवा तिला चालणारी परीक्षा लागते, हे उशिरा कळून वर्ष जातं. भाषा तीन: इटालियन, जर्मन, फ्रेंच. जर्मनसाठी पुण्याचं मॅक्सम्युलर भवन आहे. जर्मन नाट्यगृहांत कायम पगारावर गायकसंच ठेवण्याची पद्धत आहे आणि आवाजाच्या जातीनुसार भूमिका ठरतात, त्यामुळे ही भाषा पोटापाण्याची आहे.

भूमिकांची घाई नको, आवाज पंचविशीपर्यंत बसत असतो. आधी जुनी इटालियन गाणी, मग व्हर्दीच्या 'उन बाल्लो इन मास्केरा'तल्या (१८५९) ऑस्करसारखी हलकी भूमिका. देलिबच्या 'लाक्मे'ची (१८८३) नायिका भारतीय आहे, म्हणून तुम्हाला तिचंच गाणं सुचवलं जाईल. त्यातला सहाव्या सप्तकातला ई महिनाभर रोज न ओढता येत असेल तरच हो म्हणा.

संगीत महाविद्यालयाच्या प्रवेशासाठीचा व्हिडिओ एका सलग शॉटमध्ये घ्या, जोड देऊ नका, प्रतिध्वनी घालू नका. फोन दोन-तीन मीटरवर ठेवा, नाहीतर उंच स्वरांवर आवाज फाटलेला येतो. भिंतींना गोधड्या टांगल्या की पत्र्याच्या खोलीतला घुमारा जातो. साथीला पियानोवादक हवा. त्यासाठी एक दिवस नागपूरला जावं लागलं तरी जा, आणि आदल्या दिवशी मुक्कामी पोचा.