फोटो हलू नये म्हणून शटर स्पीड कसा निवडावा

फोटो हलला की आपण लगेच हाताला दोष देतो. त्याआधी तो कॅमेऱ्यावरच शंभर टक्के झूम करून बघा, कारण उपाय त्यावरून ठरतो. लग्नातल्या फोटोत मागच्या माळेतला प्रत्येक दिवा एकाच दिशेने ओढला गेला असेल, तर कॅमेरा हललाय. झेंडूचं तोरण स्वच्छ आणि नवरीचे हात तेवढे पुसट असतील, तर हलले ते नवरीचे हात. नाक पुसट, कान मात्र स्वच्छ, असं असेल तर फोकस मागे गेलाय; तिथे शटर स्पीड, म्हणजे शटर किती कमी वेळ उघडा राहतो तो वेग, कितीही वाढवला तरी काही होणार नाही.

म्हणून दरवेळी शटर स्पीडचे दोन आकडे मनात धरायचे. एक आपल्या हातासाठी, दुसरा समोरच्या हालचालीसाठी. दोन्हींपैकी जो जास्त वेगवान असेल, तो लावायचा.

हाताचा आकडा फोकल लेंथवरून, म्हणजे लेन्सवरच्या मिमीच्या आकड्यावरून निघतो. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ५० मिमीला निदान १/५० सेकंद, २०० मिमीला १/२००. क्रॉप, म्हणजे त्याहून लहान सेन्सर असेल तर आधी गुणाकार करा: कॅननच्या एपीएस-सीला १.६, निकॉन, सोनी, फुजीला १.५, मायक्रो फोर थर्ड्सला २. निकॉनच्या क्रॉप बॉडीवर ८५ मिमी लावली की आकडा १२७ च्या पुढे जातो, म्हणजे १/१६० घ्या. झूम लेन्स असेल तर तिची कमाल फोकल लेंथ धरू नका, त्या क्षणी ती जिथे आहे तीच धरा. हा नियम फिल्मच्या आणि छोट्या प्रिंटच्या काळातला आहे. आज २४ मेगापिक्सेलचा फोटो आपण मोठा करून बघतो, तेव्हा बारीक हलणंही दिसतं. त्यामुळे जमेल तिथे वेग दुप्पट ठेवा, १/१६० च्या जागी १/३२०.

तरी हात प्रत्येकाचा वेगळा. एकदा तपासूनच घ्या. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा, स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं भरून काढणारी लेन्सची किंवा कॅमेऱ्याची सोय) बंद करा आणि १/१२५, १/६०, १/३०, १/१५ या प्रत्येक वेगाला दहा-दहा फोटो काढा. दहापैकी आठ फोटोंत बारीक अक्षरं वाचता येतात तो सर्वांत कमी वेग, ती तुमच्या हाताची मर्यादा. मग स्टॅबिलायझेशन चालू करून तेच पुन्हा करा. बॉक्सवर चार स्टॉप लिहिलेले असले (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तर हिशेबाने १/२०० चं काम १/१३ वर व्हायला हवं, पण विश्वास स्वतःच्या चाचणीवर ठेवा.

स्टॅबिलायझेशनचा खरा उपयोग स्थिर विषयाला होतो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि उजेड अगदी कमी, पण भित्तिचित्र हलत नाही. तिथे २४ मिमी, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/२.८, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० आणि १/१५ इथून सुरुवात करता येते. डावा तळवा लेन्सखाली, कोपरं बरगड्यांना टेकलेली, एक पाय थोडा पुढे. अर्धा श्वास सोडून शटर हळू दाबा आणि लगेच बोट उचलू नका. बटण दाबून ठेवून सलग तीन-चार फोटोंचा बर्स्ट घ्या. पहिला बटण दाबताना हलतो आणि शेवटचा सोडताना, मधला बहुतेक वेळा सगळ्यात स्वच्छ येतो.

माणसं आली की ही मदत संपते. उभं राहून गप्पा मारणाऱ्यांना १/१२५, चालणाऱ्यांना १/२५०, पळणाऱ्या पोरांना आणि वरातीत नाचणाऱ्यांना १/५००. कॅमेऱ्याकडे येणाऱ्याला थोडा कमी वेग चालतो. फ्रेममधून आडवा जाणाऱ्याला जास्त लागतो.

अक्षतांचं उदाहरण घ्या. तांदळाचा दाणा सेकंदाला तीन मीटर वेगाने पडतोय असं धरा. १/६० ला तो शटर उघडा असताना ५ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे फोटोत नुसत्या पांढऱ्या रेघा. १/५०० ला ६ मिलिमीटर, साधारण त्याच्या स्वतःच्या लांबीएवढा. १/१००० ला ३ मिलिमीटर, तेव्हा कुठे दाणा दाण्यासारखा दिसू लागतो. रेघाच हव्या असतील तर १/६० सुंदर दिसतो, पण तेव्हा नवरा-नवरी स्तब्ध हवीत आणि हातही.

एवढा वेग ठेवायचा तर उजेड कुठून आणायचा? आयएसओ वाढवा, घाबरू नका. १/६० वरून १/२५० वर जायला दोन स्टॉप लागतात, म्हणजे आयएसओ ८०० चा ३२००. नॉइज (फोटोतला खरखरीतपणा) नंतर बराच कमी करता येतो, हललेला चेहरा सरळ करता येत नाही. मंगल कार्यालयात सगळ्यात सोयीचं सेटिंग असं: एम (मॅन्युअल) मोड, शटर १/२५०, अ‍ॅपर्चर एफ/२.८, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ६४००. ए मोडची (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) सवय असेल तर ऑटो आयएसओच्या मेनूत किमान शटर स्पीड १/२५० करून ठेवा. नाहीतर कॅमेरा हळूच १/६० वर उतरतो आणि ते घरी आल्यावर कळतं.

एक अडचण मात्र वेगामुळेच येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५०० ला फोटोत आडवे काळपट पट्टे किंवा दर फोटोला वेगळा उजेड दिसला तर कारण हेच. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावा आणि अँटी-फ्लिकर (दिव्याच्या लुकलुकण्याशी जुळवून फोटो काढणारी सोय) चालू करा. तरीही पट्टे राहिले, तर विधी शांत असताना १/१०० वर उतरा आणि अक्षतांच्या वेळेपुरता फ्लॅश वापरा. त्याचा झोत इतका क्षणिक असतो की शटर १/२०० असला तरी दाणे हवेत थांबतात.