ऑस्ट्रेलियात धंद्याचं नाव नोंदवताना

डबे, शिकवणी, हिशेब, साफसफाई, काहीही सुरू करणार असाल तरी कार्ड छापण्याआधी नावाचा प्रश्न मार्गी लावा. इथे क्रम ठरलेला आहे: आधी एबीएन, मग नाव. एबीएन म्हणजे धंद्याचा अकरा आकडी क्रमांक. ऑस्ट्रेलियन बिझनेस रजिस्टरच्या सरकारी संकेतस्थळावर तो फुकट मिळतो, त्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नका. आणि एबीएन मिळाला म्हणून व्हिसाच्या अटी सैल होत नाहीत, त्या वेगळ्या तपासा.

नाव नोंदवावंच लागतं का? फक्त स्वतःच्या नावानं धंदा करत असाल तर नाही. समजा नाव सुनीता जोशी आहे. ‘सुनीता जोशी’ किंवा ‘एस. जोशी’ एवढंच लिहिलं तर नोंदणी नको. ‘सुनीता जोशी केटरिंग’ किंवा ‘जोशी अँड सन्स’ झालं की नोंदणी सक्तीची. बरेच जण नेमके इथेच फसतात, कारण आडनाव आपलंच आहे, मग अडचण कसली, असं वाटतं. नोंदणीशिवाय असं नाव वापरणं २०११ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

नोंदणी एएसआयसीकडे, म्हणजे कंपन्या आणि धंद्यांची नावं नोंदवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे होते. २०१२ पासून देशभर एकच नोंदवही आहे, राज्यागणिक वेगळी नोंद लागत नाही. मुदत एक किंवा तीन वर्षांची. नव्या धंद्याला एक वर्षच घ्यावं, नाव बदलण्याची वेळ पहिल्या वर्षातच येते. आधीच नोंदलेल्या नावाशी तंतोतंत किंवा जवळजवळ सारखं नाव नाकारलं जातं. अनेकवचन केलं, मधे टिंब किंवा रेघ टाकली, तरी नाव वेगळं धरत नाहीत. नोंद रोमन लिपीतच होते, त्यामुळे मराठी शब्दाचं स्पेलिंग एकदाच पक्कं करा आणि बँक खात्यापासून पाटीपर्यंत तेच ठेवा. ‘बँक’, ‘ट्रस्ट’, ‘रॉयल’, ‘युनिव्हर्सिटी’ असे शब्द परवानगीशिवाय मिळत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाव नोंदवलं म्हणजे ते तुमच्या मालकीचं झालं, असं मुळीच नाही. या नावामागे कोण माणूस आहे, हे गिऱ्हाइकाला कळावं एवढ्यासाठीच ही नोंद असते. मालकी देतो तो ट्रेडमार्क. तो आयपी ऑस्ट्रेलिया या सरकारी कार्यालयाकडे, ठरावीक माल-सेवांच्या वर्गांत, दहा वर्षांसाठी मिळतो आणि पुढे वाढवता येतो. एएसआयसी नाव मंजूर करताना ट्रेडमार्क तपासत नाही. त्यामुळे रीतसर नोंदलेलं नावही ट्रेडमार्कवाल्याच्या वकिलाच्या पत्रावर सोडावं लागू शकतं, आणि पाटी, पाकिटं, गणवेश यांचा खर्च पाण्यात जातो. म्हणून पैसे भरण्याआधी दोन्हीकडे शोध घ्या, उच्चारानं जवळची स्पेलिंगंही टाकून पाहा. डोमेनही, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ताही, त्याच बैठकीत बघून ठेवा.

धंद्याचं नाव ही कायद्यानं स्वतंत्र व्यक्ती नसते. एकट्याचा धंदा असेल तर करार तुमच्या नावानं होतात आणि कर्जही तुमच्याच अंगावर येतं. जबाबदारी मर्यादित हवी असेल तर कंपनी काढावी लागते.

नोंदलेलं नाव एबीएनसह धंद्याच्या पत्रव्यवहारात आणि बिलांवर लिहा, लोक येतात त्या जागी ठळक लावा. पत्ता बदलला तर २८ दिवसांत कळवा. घर बदलताना हे हमखास राहतं, मग नूतनीकरणाची सूचना जुन्या पत्त्यावर जाते आणि नाव रद्द होतं. नूतनीकरणाच्या नावाखाली खाजगी कंपन्याही सरकारी वाटणारी, जास्त रकमेची पत्रं पाठवतात. पैसे एएसआयसीच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊनच भरा.