लिबर्टी मालवाहू जहाजाचं मॉडेल: बांधणी आणि वेदरिंगमध्ये या चुका टाळा

लिबर्टी म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने झपाट्याने बांधलेली मालवाहू जहाजं, आणि वेदरिंग म्हणजे मॉडेलवर गंज, मळ आणि झीज रंगाने दाखवणं. किटचं खोकं उघडण्याआधी एक वाक्य कागदावर लिहून काढा: जहाज भरलेलं की रिकामं, समुद्रात की धक्क्याला, आणि शेवटचं रंगवून किती महिने झाले. पुढच्या बहुतेक चुका हे वाक्य न लिहिल्यामुळेच होतात. भर समुद्रात चाललेलं जहाज, पण बूम (माल उचलायचे लांब दांडे) वर उचललेले. डेकवर रणगाडे बांधलेले, पण लाल तळ अर्धा उघडा. रंग कोरा करकरीत आणि नांगराखाली मात्र वीस वर्षांचा गंज. प्रत्येक भाग वेगळा पाहिला तर उत्तम असतो, पण एकत्र आल्यावर ते एकमेकांना खोटं पाडतात.

इथले आकडे १/३५० प्रमाणासाठी आहेत. १/७०० साठी ते निम्मे करा.

माप डोक्यात ठेवा

लिबर्टी जहाजाची लांबी १३४.६ मीटर, रुंदी १७.३ मीटर, पूर्ण भरल्यावर पाण्याखाली सुमारे ८.५ मीटर. म्हणजे मॉडेल साधारण ३८५ मिमी लांब आणि ४९ मिमी रुंद. १ मिमी म्हणजे प्रत्यक्षातले ३५ सेंमी, हा हिशेब टेबलासमोर चिकटवून ठेवा. ब्रशच्या टोकाने सहज उमटलेला १ मिमीचा गंजाचा ठिपका म्हणजे जहाजावर जेवणाच्या ताटाहून मोठा पोपडा निघालेला असतो. अर्ध्या मिमीचा सुपर ग्लूचा थेंब म्हणजे रेलिंगच्या पायाशी १७ सेंमीचा गोळा.

हलवर (जहाजाच्या बाहेरच्या कवचावर) भरभरून रिव्हेट काढण्याचा मोहही या हिशेबाने जातो. २५ मिमीचा रिव्हेट इथे ०.०७ मिमीचा होतो. शिवाय या जहाजांचे पत्रे मुख्यतः वेल्ड केलेले होते. वेगाने बांधता आली ती त्यामुळेच. १९४१ ते १९४५ दरम्यान अमेरिकेतल्या १८ गोद्यांमध्ये २,७०० हून अधिक लिबर्टी जहाजं तयार झाली. काही गोद्यांनी आतल्या फ्रेम पत्र्याला रिव्हेटने जोडल्या, तिथे उभ्या रांगा दिसतात. पण युद्धनौकेसारखं आडव्या-उभ्या रिव्हेटांचं जाळं या हलवर शोभत नाही. घाईच्या वेल्डिंगमुळे पत्र्याला येणारी हलकी लहर दाखवायची असेल तर प्लास्टिक कोरू नका. फ्रेमच्या रेषेत मूळ रंगाची किंचित गडद छटा एअरब्रशने मारली की पुरे.

हल आणि डेक

हल खोक्यातून वाकडी निघू शकते. ती काचेवर तळ खाली ठेवून पाहा. टोकं उचललेली असतील तर गरम, पण उकळतं नसलेलं पाणी काही मिनिटं वापरा, हाताने सरळ करा आणि थंड होईपर्यंत काचेवर दाबून ठेवा. कडा आत झुकल्या असतील तर डेक बसवण्याआधी तीन-चार ठिकाणी प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या लावा. हे टाळलं की डेकच्या बाजूला एकीकडे फट आणि दुसरीकडे उंचवटा येतो. मग पुट्टी भरून घासताना बोलार्ड (दोर बांधायचे खुंटे) आणि फेअरलीड (दोर वळवायच्या खोबणी) यांचाच बळी जातो. मॉडेल स्टँडवर लावायचं असेल तर नट हलच्या आत आत्ताच चिकटवा. डेक बसल्यावर तो रस्ता बंद होतो.

पुट्टी सुकताना आकसते, म्हणून ती दोन पातळ थरांत भरा आणि घासण्याआधी दिवसभर सोडा. सुपर ग्लूने फट भरली तर उलटं: तासाभरात घासून टाका. जास्त वाट पाहिली की ग्लू प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि वॉटर पेपर बाजूचं मऊ प्लास्टिक खाऊन ग्लूचा उंचवटा तसाच सोडतो. ४००, ८००, १००० असा क्रम ठेवा. प्रायमरचा एक थर मारल्याशिवाय सांधा गेला असं समजू नका.

डेकच्या रंगात एक चूक फार पाहायला मिळते: बॅटलशिप बांधायची सवय असलेले लोक लिबर्टीचा डेक लाकडी रंगवतात. तो पोलादी होता आणि युद्धकाळात करडा असे. पाच हॅच (मालाच्या कोठारांची तोंडं) आहेत, मधल्या इमारतीच्या पुढे तीन आणि मागे दोन. समुद्रात या हॅचवरच्या लाकडी फळ्या दिसत नाहीत, कारण त्यांवर ताडपत्र्या घट्ट ताणून कडेने पट्ट्या आणि पाचरींनी आवळलेल्या असतात. ताडपत्रीला मळकट हिरवट-तपकिरी मॅट रंग द्या आणि तिच्यावर गंज दाखवू नका. कॅनव्हास गंजत नाही, लाकूडही नाही. एकाच तपकिरी वॉशने (खूप पातळ केलेल्या रंगाने) सगळं डेक धुऊन काढलं की ही चूक आपोआप होते.

बूम, बोटी, बंदुका

किटच्या खोक्यावरच्या चित्रात बूम वर असतात, कारण ते दिसायला छान. माल चढवताना-उतरवताना ते ठीक आहे. समुद्रात मात्र पाच टनी बूम आडवे करून आधारावर बांधलेले असतात. क्रमांक २ च्या हॅचचा जड बूम अनेकदा डोलकाठीलगत उभा बांधलेला दिसतो. डेकवर माल असेल तर त्याला साखळदंड आणि टर्नबकलने (ताण द्यायच्या स्क्रूने) डेकच्या कड्यांशी बांधा. नुसता ठेवलेला ट्रक किंवा विमानाचं खोकं पहिल्याच वादळात पाण्यात गेलं असतं. लाइफ राफ्ट उतरत्या चौकटीवर हवेत, एका झटक्यात सोडता येतील असे.

तोफा कोणत्या आणि किती हे जहाज आणि वर्षानुसार बदलतं. मागे ५ इंची, पुढे ३ इंची आणि २० मिमीच्या आठ ऑर्लिकॉन (विमानविरोधी तोफा) ही नेहमीची पूर्ण मांडणी. सुरुवातीच्या जहाजांवर ती कमी होती. जे जहाज निवडलं त्याच जहाजाचे त्याच वर्षाचे फोटो पाहा. जेरेमाया ओब्रायन (१९४३) आणि जॉन डब्ल्यू. ब्राउन (१९४२) ही दोन्ही जहाजं आज जतन केलेली आहेत. त्यांचे आताचे फोटो बांधणीसाठी सोनं आहेत, पण रंगासाठी फसवे: संग्रहालयातलं जहाज नियमित रंगवलं जातं, ताफ्यातलं नाही.

रेलिंग आणि दोऱ्या

पितळी रेलिंग कापण्याआधी मास्किंग टेपची पट्टी डेकच्या कडेला लावून, कोपऱ्यांवर खुणा करून माप घ्या. काच किंवा टाइलवर ठेवून गोल धारेच्या पात्याने कापा. मऊ मॅटवर कापलं तर पितळ वाकतं. सरळ रेलिंग तापवून मऊ करू नका, ती लुळी पडते. ही युक्ती वळणदार भागांपुरतीच. आधी पांढऱ्या गोंदाच्या दोन ठिपक्यांनी जागा पक्की करा. सरळ आहे याची खात्री झाली की सुईच्या टोकाने सुपर ग्लू खालच्या कडेला सोडा.

शिवणाचा सुती दोरा वापरू नका. त्याचे तंतू उभे राहतात आणि या प्रमाणात केसाळ दोरखंड दिसतो. २० मिमीची तार इथे ०.०६ मिमी भरते, म्हणून बारीक लवचीक धागा किंवा तापवून ओढलेली प्लास्टिकची तार घ्या. लवचीक धागा सतत ओढत राहतो. किटच्या प्लास्टिकच्या डोलकाठ्या काही आठवड्यांत वाकलेल्या दिसल्या तर कारण हेच. काठीच्या जागी पितळी सळई बसवा आणि दोन्ही बाजूंचा ताण सारखा ठेवा. काम आतून बाहेर, खालून वर.

रंग आणि गंज

लहान मॉडेलवर मूळ छटा डोळ्यांना गडद वाटते, म्हणून करड्यात १० ते १५ टक्के पांढरा मिसळा. नंतरचे वॉश आणि फिल्टर (सगळ्या पृष्ठभागावर दिलेली पातळ छटा) रंग आणखी काळवंडवतात, तेव्हा सुरुवात फिकटच बरी.

युद्ध संपेपर्यंत सर्वांत जुनं लिबर्टी जहाजही चार वर्षांचं होतं. त्यामुळे पत्रा खाऊन गेलेला, भोकं पडलेला गंज चुकीचा. इथे शोभतो तो वरवरचा, ताजा, ओघळणारा गंज. आणि तो सगळीकडे नाही: नांगर आणि नांगराच्या साखळीचं भोक, डेकचं पाणी बाहेर सोडणारी स्कपरची भोकं, डेकची कड, धक्क्याला आणि टगबोटीला घासणारा पट्टा. ओघळाला उगम हवाच. हलच्या मधोमध कुठूनही सुरू झालेली नारिंगी रेघ लगेच खोटी वाटते.

ओघळाची लांबीही जहाजाच्या अवस्थेवर ठरते. हलची उंची ११.४ मीटर, त्यातले ८.५ मीटर पाण्यात. भरलेल्या जहाजावर मधल्या भागात डेकपासून पाण्यापर्यंत फक्त ८ मिमीच उरतात. तिथे १५ मिमीचा ओघळ काढला तर त्याचा निम्मा भाग लाटांनी धुतला जायला हवा होता. रिकामं जहाज असेल तर लांब ओघळ, लाल तळावरचं शेवाळ आणि मीठ या सगळ्याला जागा मिळते.

तैलरंगाचा बारीक ठिपका उगमावर ठेवा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग व्हाइट स्पिरिटने जेमतेम ओला केलेला सपाट ब्रश सरळ खाली ओढा. उगमाशी गडद तपकिरी, शेपटीकडे विरळ नारिंगी. एकाच बाटलीतला ‘रस्ट’ रंग सगळीकडे मारला की तो गंज वाटत नाही, नक्षी वाटते. ओघळांत मुद्दाम अंतर असमान ठेवा आणि काही स्कपर कोरे सोडा.

आता बिघडल्यावर काय करायचं.

वॉश सुकल्यावर गोल कडा उरल्या: पृष्ठभाग मॅट होता आणि वॉश जास्त. स्वच्छ व्हाइट स्पिरिटने कड ओली करून बाहेरच्या दिशेने पुसा. पुढच्या वेळी आधी ग्लॉस किंवा सॅटिन वार्निश मारा.

वॉशखालचा रंग सुटला: खालचा थर वाळला नव्हता किंवा तोही एनॅमल होता. अ‍ॅक्रिलिकवर एनॅमल वॉश चालतो, पण २४ तास द्या आणि मध्ये वार्निश ठेवा. लॅकर थिनर या टप्प्यावर बाटलीतच राहू द्या.

गंज जास्त झाला आणि वर वार्निशही बसलं: घासू नका. मूळ करडा एक भाग आणि थिनर नऊ भाग असा पातळ करून एअरब्रशने दुरून हलका फवारा द्या. दोन-तीन फवाऱ्यांत गंज मागे सरकतो, आणि नंतर मुद्दाम रंगवल्यासारखा दिसतो, जे बऱ्याचदा पहिल्यापेक्षा चांगलं असतं.

मॅट वार्निश पांढरं पडलं: हवेत ओल होती, बाटली नीट हलवली नव्हती किंवा एअरब्रश इतका लांब होता की फवारा वाटेतच सुकला. वर ग्लॉसचा ओला थर द्या. पांढुरकेपणा बहुतेक वेळा जातो, मग कोरड्या दिवशी मॅट पुन्हा, पातळ. कोरडी गंजपूड वापरणार असाल तर ती या शेवटच्या मॅटनंतर लावा. वार्निशखाली ती जवळजवळ नाहीशी होते.

पाण्यात बसवताना

डिस्ट्रॉयरसारखी (वेगवान युद्धनौकेसारखी) फेसाळ नाळ-लाट, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी उठणारी लाट, हे मॉडेल बिघडवते. लिबर्टीचा वेग ११ नॉट, सेकंदाला ५.७ मीटर. या वेगाला जहाजाबरोबर चालणाऱ्या आडव्या लाटांची लांबी सुमारे २०.५ मीटर येते, म्हणजे बेसवर ५८-५९ मिमी. हलच्या लांबीत अशा साडेसहा लाटा बसतात, आणि त्या ठेंगण्या असतात. मागच्या खुणेचा कोन मध्यरेषेपासून दोन्हीकडे सुमारे १९.५ अंश, वेग कोणताही असो. पांढरा रंग नाळेच्या दोन बाजूंच्या पातळ पट्टीपुरता आणि प्रोपेलरमागच्या फेसापुरता ठेवा. जहाज रिकामं दाखवलं असेल तर प्रोपेलरची पाती पाण्यावर थोडी दिसतात आणि मागचा फेस जास्त खवळलेला असतो.

हल आणि पाण्यामधली फट पारदर्शक अ‍ॅक्रिलिक जेलने भरा. एकदम जाड थर दिला तर जेल आत दुधाळ राहतं. १-२ मिमीचे थर द्या आणि आधीचा पूर्ण पारदर्शक झाल्यावरच पुढचा लावा.