कॉम्प्युटर ‘मेला’ म्हणण्याआधी: या चुका टाळा

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या दुरुस्तीच्या दुकानात दरवर्षी एकाच प्रकारची गर्दी होते. घरात साफसफाई झालेली असते, टेबल ओढून मागची भिंत पुसलेली असते, कॅबिनेटवरची वर्षभराची धूळ झटकलेली असते. आणि संध्याकाळी कॉम्प्युटर चालू होत नाही.

असेच एक निवृत्त शिक्षक रिक्षात कॅबिनेट मांडीवर घेऊन आले होते. मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यातच होते, दुसरीकडे कुठेही नव्हते. सर रात्रभर झोपले नव्हते. मी कॅबिनेट फिरवलं, तर मागे जिथे वायर लागते तिथला छोटा काळा स्विच ‘०’ वर होता. पुसताना फडक्याखाली दबला असणार. तो ‘१’ वर केला आणि मशीन चालू झालं. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला फोनवरच सांगतो, आणायची घाई करू नका, आधी वीज कुठपर्यंत पोचते आहे ते बघू.

कारण ‘चालू होत नाही’ या तीन शब्दांत निदान तीन वेगळे आजार लपलेले असतात. बटण दाबल्यावर काहीच होत नाही, दिवा नाही, पंखा नाही, हा एक. पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच राहते, हा दुसरा. चालू होतो आणि चार-पाच सेकंदांत आपोआप बंद पडतो, हा तिसरा. यातलं नेमकं काय होतं आहे हे न बघता हातात स्क्रू ड्रायव्हर घेणं ही पहिली चूक.

दुसरी चूक याहून महागात पडते. कोणीतरी सांगतं, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ बटण दाबूनही पंखा फिरत नसेल तर विंडोजचा यात काहीही संबंध नाही. विंडोज हार्ड डिस्कवर असते आणि तिची पाळी बरीच नंतर येते. जे मशीन वीजच घेत नाही त्याला फॉरमॅट हा इलाज असूच शकत नाही. फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट विनाकारण पुसले गेलेले मी पाहिले आहेत, आणि त्यातलं फार थोडं परत मिळतं.

भिंतीपासून कॅबिनेटपर्यंत

बोर्डावर लाइट आहे की नाही हे बरेच जण मोबाइलचा चार्जर लावून बघतात. चार्जर चालला म्हणजे सॉकेट ठीक, असं समजतात. पण चार्जर साधारण १०० ते २४० व्होल्टवर कसाही चालतो आणि वीजही अगदी थोडी ओढतो. आतली तार सैल असेल किंवा व्होल्टेज खूप पडलं असेल, तरी मोबाइल आरामात चार्ज होत राहील. त्याच सॉकेटला टेबल फॅन लावून बघा. तो मंद फिरला किंवा अडखळला तर दोष कॉम्प्युटरचा नाही, वायरमनला बोलवा.

मग यूपीएस. घरातल्या छोट्या यूपीएसमध्ये बहुतेक १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर्सची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. बॅटरी पूर्ण गेली की काही यूपीएस घरात लाइट असतानाही पुढे वीज सोडत नाहीत. लोक मात्र कॅबिनेट उचलून दुकानात आणतात. दुकानात ते भिंतीच्या सॉकेटवर लगेच चालतं, घरी नेलं की पुन्हा बंद! असे हेलपाटे घातलेली माणसं दमून जातात. म्हणून यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड दोन्ही बाजूला ठेवून कॅबिनेटची वायर एकदा थेट भिंतीत लावा. वायरचीच शंका असेल तर मॉनिटरची वायर काढून कॅबिनेटला लावा. बऱ्याच मॉनिटरना तीच तीन पिनांची वायर असते, त्यामुळे नवी विकत घ्यायची गरज पडत नाही.

मागे बघता बघता आणखी एका गोष्टीला मात्र हात लावू नका. जुन्या एसएमपीएसवर (भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरच्या भागांना पुरवणारी कॅबिनेटमधली डबी) काळ्या स्विचशेजारी एक लाल सरकता स्विच असतो आणि त्यावर २३० किंवा ११५ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे २३० व्होल्टची वीज आहे. ‘हा फिरवून बघू’ म्हणून तो ११५ वर नेला आणि वीज चालू केली, की मोठा आवाज होऊन एसएमपीएस जळतो. चांगल्या मशीनचं असं नुकसान अर्ध्या सेकंदात होतं.

लाइट कमीजास्त झाली किंवा जवळपास वीज पडली, आणि तेव्हापासून मशीन मुकं झालं असेल, तर त्याला थोडी विश्रांती द्या. एसएमपीएसमध्ये संरक्षणाची सोय असते. ती एकदा लागू झाली की वीज पूर्ण तोडेपर्यंत काही एसएमपीएस तसेच अडकून राहतात. वायर काढा, पुढचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. पाच-दहा मिनिटांनी वायर परत लावा. हा उपाय इतका साधा आहे की लोकांचा विश्वास बसत नाही, पण तो लागू पडतो.

कॅबिनेट उघडल्यावर

बाजूचं झाकण काढलं की घाई सुरू होते आणि खरे अपघात इथेच होतात. कॉम्प्युटर बंद असला तरी वायर लावलेली असेपर्यंत मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जिथे जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डाला, ५ व्होल्टची वीज सतत मिळत असते. बटण दाबल्यावर त्याला जाग येते ती तिच्यामुळेच. पुष्कळ मदरबोर्डवर एक बारीक दिवा असतो, तो ही वीज दाखवतो. तो लागलेला दिसला तर एसएमपीएसचा निदान तेवढा भाग जिवंत आहे असं समजा. मात्र तो लागलेला असताना रॅम (मेमरीची पट्टी) काढू किंवा घालू नका. आधी भिंतीतून वायर काढा, दिवा विझू द्या, मग हात घाला. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या न रंगवलेल्या पत्र्याला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल.

एरवी वायर लावलेली असताना कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. याचा अर्थ बहुधा घरातल्या सॉकेटला अर्थिंग नाही. तिसरी पिन मोडून किंवा दोन पिनांचं कन्व्हर्टर लावून वर्षानुवर्षं कॉम्प्युटर चालवणारी घरं मला माहीत आहेत. कॉम्प्युटर राहू दे बाजूला, आधी अर्थिंग करून घ्या.

चार-पाच सेकंदांत बंद पडणाऱ्या मशीनचं एक कारण फार कमी लोकांना सुचतं. पॉवरचं बटण चार सेकंद दाबून धरलं की मशीन सक्तीने बंद होतं. बटण आत अडकून बसलं असेल तर मशीन चालू होतं आणि त्याच नियमाने लगेच बंदही होतं. बटणातून मदरबोर्डकडे जाणारी दोन तारांची छोटी पिन काढा आणि तिच्या जागी उघड्या पडलेल्या दोन काड्यांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन चालू झालं आणि चालू राहिलं, तर खराबी बटणात आहे, आणि ती दुरुस्ती अगदी किरकोळ असते. काड्या त्याच आहेत ना, हे मदरबोर्डवरच्या अक्षरांवरून खात्री करून मगच टेकवा. तसं नसेल तर प्रोसेसरचा पंखा बघा. तो फिरत नसेल, धुळीने किंवा वायर अडकून थांबला असेल, तरी मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, यात पहिला संशय रॅमवर घ्यावा, विशेषतः ब्लोअर मारून साफसफाई झाली असेल तर. रॅम काढा, सोनेरी दातांवरून साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झटका आणि दोन्ही बाजूंनी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवा. पॉलिश पेपर वापरू नका, सोनेरी थर निघून जातो. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. यासोबत दोन गोष्टी तपासा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्याच कार्डात हवी, मदरबोर्डच्या पोर्टात नको. आणि प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी पॉवर केबल पक्की बसलेली हवी. ती सुटली तरी बाकीचे पंखे फिरत राहतात आणि माणूस फसतो.

मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर२०३२, लोक हौसेने बदलतात. तो संपला की तारीख-वेळ चुकते, चालू होताना एफ१ दाबायला सांगतं. त्यामुळे मशीन पूर्ण मुकं होणं क्वचितच घडतं.

एसएमपीएसची डबी मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यानंतरही तिच्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ टिकून राहू शकतात. आमच्या धंद्यातली शिकलेली माणसंही तिथे जपून हात घालतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून हिरवी आणि काळी तार पिनने जोडायचा प्रयोग बरेच जण करतात. चोवीस पिनांचा कनेक्टर मदरबोर्डातून काढून तो केला तर एसएमपीएसचा पंखा फिरतो. पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, हे खरं नाही. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत, तेही भार असताना, आणि ते व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरनेच कळतं. सोपा मार्ग म्हणजे चालू मशीनमधला एसएमपीएस लावून बघणं. ते दुकानदाराला करू द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

पुराचं पाणी शिरलेल्या किंवा छपरातून भिजलेल्या कॉम्प्युटरची गोष्ट वेगळी आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी भरलं तसं पुन्हा कुठेही होऊ शकतं. पाणी ओसरल्यावर ‘चालतोय का’ हे बघायला वीज लावण्याची घाई प्रत्येकाला होते आणि त्या क्षणी, वाचू शकणारे भागही जळतात. ओला कॉम्प्युटर लावूच नका. तो उघडून देखील हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनला जोडायचा प्रयत्न करू नका. पाण्यात बुडालेली डिस्क उन्हात वाळवूनही लावायची नसते. आतलं महत्त्वाचं असेल तर ती तशीच डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

आणि कोरडं मशीन दुरुस्तीला देताना कागदावर लिहून द्या: बटण दाबल्यावर काय होतं, दिवा लागतो का, किती सेकंद टिकतं, बीप वाजते का, हे सगळं कधीपासून होतं आहे. ‘माझ्या परवानगीशिवाय डिस्कला हात लावू नये’ हेही खाली लिहा आणि त्यावर दुकानदाराची सही घ्या.