महापूर येतोय? निदान या चुका तरी करू नका

पंचगंगेकाठी राहतो, त्यामुळं दर जुलै-ऑगस्टला तेच ऐकून कान किटलेत: "आमच्या दारात पाणी येत नाही. २००५ ला पायरीपर्यंत येऊन परत गेलं." अहो, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर नदीची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं, २०२१ ला ५६ ओलांडलं. भिंतीवरची जुनी रेघ काय कामाची?

२०१९ ला गल्लीतल्या एका काकांना बोलवायला गेलो, तर त्यांनी चहा पुढं केला. "उंबऱ्याला लागू दे, मग निघू." संध्याकाळी त्यांचं घर कोरडंच होतं, पण गल्लीचं तोंड सखल, तिथं कमरेच्या वर पाणी. शेवटी काका माडीवरून दोर धरून नावेत उतरले. म्हशींची दावी विळ्यानं कापून त्यांना सोडून दिलं. एक नंतर उसाच्या फडात सापडली, दुसरीचा पत्ता नाही. उंबरा बघत बसू नका, बाहेर पडायचा रस्ता बघा.

माझं ठरलेलं आहे: ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी आली, की जनावरं पाहुण्यांकडं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचं कळलं, तर आकड्याचीही वाट बघत नाही. लोक म्हणतात, लई घाईचा माणूस. म्हणू देत. पाणी नाही आलं तर ट्रॉलीचं भाडं गेलं, एवढंच.

नाव आली की सगळ्यांनी एकदम चढायचं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला जास्त माणसं भरलेली नाव उलटली. पुलावर सेल्फीला जाणाऱ्यांशी बोलण्यात अर्थ नाही.

पाणी उतरल्यावर वेगळीच घाई. "फ्रिज चालतोय का बघू" म्हणत मेन स्विच वर करणारे, व्हिडिओ बघून हेअर ड्रायरनं बोर्ड वाळवणारे महाभाग मी पाहिलेत. वायरमन येऊन तपासेपर्यंत माझ्या घरी मेणबत्ती. मोटरही वाइंडिंगवाल्याला दाखवल्याशिवाय चालू करत नाही.

गाळ काढण्याआधी खोलीखोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. मग मात्र गाळ ओला असतानाच ओढा. वाळला की खोरं लागत नाही. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्याशिवाय पाणी पिऊ नका. पायाला जखम असेल तर गाळात दुसऱ्याला उतरवा, आणि लेप्टोच्या (घाण पाण्या-गाळातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्यांचं आरोग्य केंद्रात विचारा, मेडिकलवाल्याला नको.