यूव्ही खाऊनही जिवाणू जगतात कसे? डीएनए दुरुस्तीच्या प्रॅक्टिकलमध्ये आणि पेपरात या चुका टाळा

"सर, दिवा गेलाय बहुतेक." एका बॅचने तीन पेट्री डिश माझ्यापुढे मांडल्या. ई. कोलाय या जिवाणूवर तीस, साठ आणि नव्वद सेकंद यूव्ही टाकलेला, आणि तिन्ही डिशमध्ये कॉलन्या सारख्याच, भरगच्च. दिवा ठणठणीत होता. सोलापूरची धूळ आत जाऊ नये म्हणून पोरांनी झाकणच काढलं नव्हतं.

जंतुनाशक दिव्याचा प्रकाश २५४ नॅनोमीटरचा असतो. साधी काच किंवा पेट्री डिशचं प्लास्टिक तो अडवतं. झाकण ठेवून यूव्ही देणं म्हणजे छत्री उघडून पावसात भिजायला जाणं. झाकण काढा, पण दिव्याकडे बघू नका आणि हात त्याखाली धरू नका. डोळे चुरचुरायला लागतात ते काही तासांनी, तोपर्यंत झालेलं कळतही नाही.

पुन्हा प्रयोग केला, झाकण काढून. या वेळी कॉलन्या कमी झाल्या, पण आकडे वेडेवाकडे. साठ सेकंदांच्या दोन जुळ्या डिश, एकीत मोजक्या कॉलन्या, दुसरीत रग्गड. ही दुसरी डिश कुठे ठेवली होती, असं विचारल्यावर सगळ्यांनी खिडकीकडे बघितलं. जर्नल लिहून होईपर्यंत ती तिथेच, उन्हात पडून होती.

हीच गंमत १९४९ साली अल्बर्ट केल्नर या संशोधकांना अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत भेटली. ते स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूच्या बीजाणूंवर यूव्ही टाकत होते आणि जगणाऱ्यांचे आकडे दर वेळी बदलत होते. त्यांना आधी तापमानाचा संशय आला. खरं कारण निघालं खिडकीतून येणारा उजेड. नेहमीचा दृश्य प्रकाश यूव्हीने झालेलं नुकसान उलटवत होता. बिघडलेल्या प्रयोगाचा असा पाठपुरावा करण्याइतका धीर आपल्यात नसतो, आपण सरळ दिवा बदलायला सांगतो.

उजेडात काम करणारं हे प्रथिन म्हणजे फोटोलायेज. थायमिन हा डीएनएच्या चार अक्षरांपैकी, म्हणजे बेसपैकी एक. यूव्हीमुळे शेजारशेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. फोटोलायेज ती जोडी डीएनएच्या बाहेर वळवून आपल्या खोबणीत घेतं, निळ्या प्रकाशाच्या ऊर्जेवर एक इलेक्ट्रॉन तिला देतं, नको असलेले बंध सुटतात आणि इलेक्ट्रॉन परत येतो. काही कापावं लागत नाही. म्हणून यूव्ही दिल्यावर लगेच डिश काळ्या कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळा. एवढं केलं तरी निम्मे घोळ मिटतात.

उरलेले घोळ थोडक्यात. एकही कॉलनी नाही आली, तर वेळ सरळ पाच-दहा सेकंदांवर आणा. वेळ वाढवूनही मरत नाहीत, तर द्रावण गढूळ आहे, वरचे जिवाणू खालच्यांना सावली देतायत, पातळ करा. दिवा लावल्या-लावल्या पहिली डिश खाली सारू नका, तो स्थिर व्हायला काही मिनिटं द्या.

आता पेपरातल्या चुका. प्रॅक्टिकल चुकलं तर डिश तरी बोलते, उत्तरपत्रिका गप्प बसते.

दर वर्षी कुणीतरी लिहितंच की माणसाच्या त्वचेतही फोटोलायेज असतं. नाही. यीस्टमध्ये आहे, वनस्पतींमध्ये आहे, कांगारूतसुद्धा आहे. वार (प्लॅसेंटा) असलेल्या सस्तन प्राण्यांत, म्हणजे आपल्यात, नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना नव्या पेठेत फिरणाऱ्या माणसाच्या त्वचेत ही थायमिनची जोडी काढायला लांबचा रस्ता धरावा लागतो: खराब भागासकट साधारण ३० न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे डीएनएच्या ३० कड्यांचा, तुकडा कापून काढायचा आणि समोरच्या धाग्यावरून नवा भरायचा. हा रस्ताच जन्मतः बंद असेल तर झेरोडर्मा पिगमेंटोसम हा ऊन न सोसण्याचा त्वचेचा आजार होतो, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवलं. आणि आकृतीत ती जोडी समोरासमोरच्या धाग्यांमध्ये काढू नका. ती एकाच धाग्यावरच्या शेजाऱ्यांची असते.

पण सगळ्यात मोठी चूक एका वाक्यात असते: "प्रथिन डीएनए वाचते आणि चूक ओळखते." वाचत बिचत काही नाही.

माझी मावशी टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला होती. डिझाइनकडे तिचं लक्षच नसायचं. माल टेबलावर पसरायचा, तळहात फिरवायचा आणि शेजारणीशी तेलुगूत गप्पा चालू. मध्येच हात थांबायचा: "इथं ढिलं लागतंय." मग उजेडाकडे धरून बघायचं, खरंच धागा गेलाय की नुसती घडी पडलीये.

आपल्या पेशीत हा तळहात म्हणजे एक्सपीसी नावाचं प्रथिन. दोन धाग्यांची पकड जिथे सैल झाली आहे तिथे ते अडकतं. यीस्टमधल्या त्याच्या भावाची, आरएडी४ची, रचना २००७ मध्ये समोर आली तेव्हा दिसलं की ते बिघडलेल्या बेसला धरतच नाही, समोरच्या धडधाकट धाग्याचे बेस पकडतं. त्यामुळे आकार पार वेगवेगळे असलेले बिघाड एकाच प्रथिनाला सापडतात. याची दुसरी बाजूही लिहा, तिथे गुण असतात: जो बिघाड डीएनएचं वळण फारसं बिघडवत नाही तो त्याला सापडत नाही. थायमिनची साधी जोडी नेमकी अशीच गरीब दिसणारी. तिथे यूव्ही-डीडीबी हे दुसरं प्रथिन आधी जाऊन बसतं, डीएनएला वाकवतं आणि मग एक्सपीसीला जागा मिळते.

उजेडाकडे धरण्याचं काम टीएफटूएच हा प्रथिनांचा समूह करतो. त्यातलं एक्सपीडी धाग्यावरून सरकत जातं. बिघडलेल्या बेसपाशी अडलं तरच कापणारी प्रथिनं कामाला लागतात. ही दुसरी तपासणी उत्तरात गाळू नका. एका पेशीत सहा अब्जांहून जास्त बेसजोड्या आहेत, प्रत्येक सैल जागी कात्री चालवली तर चांगलं कापडही चिंध्या होईल.

लहान बिघाडांची पद्धत वेगळी. सायटोसिन या बेसमधला अमिनो गट आपोआप गळतो आणि त्याचा युरॅसिल, म्हणजे आरएनएतला बेस, होतो. प्रत्येक पेशीत दिवसाला शंभराच्या वर वेळा. ग्लायकोसिलेज हे प्रथिन तो बेस बाहेर वळवून आपल्या खोबणीत बसतो का ते पाहतं आणि बसला की तोडतं. डीएनएत युरॅसिलऐवजी थायमिन का, या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: युरॅसिल मूळचाच रहिवासी असता तर घुसखोर कोणता हे कळलंच नसतं. याच कामावरून पुढे गेलेल्या टोमास लिंडाल यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांच्यासोबत मिळालं. मिथिल हा छोटा रासायनिक गट लागलेल्या सायटोसिनचा मात्र थेट थायमिन होतो, म्हणजे घुसखोर गावचाच पोशाख घालून येतो. अशा जागी उत्परिवर्तनं जास्त दिसतात.

त्यावरून, डॅमेज आणि म्युटेशन एकाच अर्थाने वापरू नका. डॅमेज म्हणजे रासायनिक बिघाड, प्रथिनांच्या हाताला लागतो. त्यावरून नक्कल झाली आणि दोन्ही धागे आपापसांत जुळले की म्युटेशन झालं. आता काहीच ढिलं लागत नाही, हात सरळ पुढे जातो.

ग्वानिनसमोर थायमिन अशी नकलेतली चूक डॅमेज आणि म्युटेशन या दोघांच्या मधली. म्युटएस हे प्रथिन ती पकडतं, तिथे डीएनए सहज वाकतो म्हणून. पण दोन्ही बेस अस्सल, मग बदलायचा कोणता? ई. कोलायमध्ये जुन्या धाग्यावर जीएटीसी या चार बेसच्या जागी मिथिलची खूण असते, नव्यावर ती उशिरा लागते, आणि म्युटएच हे प्रथिन बिनखुणेचा धागा कापतं. हे उत्तर माणसाच्या प्रश्नाला चिकटवू नका. आपल्यात म्युटएच नाही. नव्या धाग्यातले तुटलेले सांधे आणि पीसीएनए हे डीएनएभोवती बसणारं प्रथिनाचं कडं कोणत्या बाजूने बसलंय, यावरून काम चालतं.

पी५३ या प्रथिनाविषयी एवढंच: ते पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्तीची जनुकं चालू करतं, गरज पडली तर पेशीला मरायला लावतं. ते स्वतः दुरुस्ती करतं असं लिहून सुई-दोरा त्याच्या हातात देऊ नका.

त्या बॅचने तिसऱ्यांदा प्रयोग लावला तेव्हा फॉइल संपलं होतं. एकाने गाडीवरची सोलापुरी चादर आणली, चौघडी केली आणि एक डिश तिच्याखाली, जुळी डिश खिडकीत. दुसऱ्या दिवशी खिडकीतली दाट, चादरीखालची विरळ. जर्नलमध्ये साहित्याच्या यादीत त्याने "चादर, एक नग" लिहिलंय. मी खोडलं नाही, फक्त घरी नेण्याआधी गरम पाण्यात धुवायला लावली.